आठव्या लॅपला पेडल कुठे असतं

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर तिसरं वळण संपलं की किलोमीटरहून लांब सरळ पट्टा लागतो. आधी उतार, मग चढ, आणि चढाच्या टोकाला चौथं वळण. उजवीकडे, चांगलंच आवळलेलं. तिथे दोनशेच्या आसपासच्या वेगातून ऐंशीपर्यंत उतरावं लागतं. मागच्या नोव्हेंबरात, माझ्या पहिल्याच ट्रॅक डेला (आपली रस्त्यावरची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस), पाचव्या लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या पाचव्या फेरीत, मी तिथे ब्रेक दाबला आणि पेडल पायाखालून निघून गेलं. कापसाच्या गंजीत पाय घालावा तसं. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा कुठे थोडं वर आलं. तोवर गाडी वळण सोडून बाहेरच्या रुंद डांबरी पट्ट्यावर गेली होती. तिथेच ती थांबली. कुणाला काही लागलं नाही, गाडीला ओरखडा नाही. पण स्टिअरिंगवरचे हात सोडवायला मला वेळ लागला.

मी जळगावचा. घरचा व्यवसाय केळीचा, बागा रावेर तालुक्यात. गाडी 2014 ची पोर्श केमन, मुंबईहून सेकंड हँड घेतलेली. दोन सीटा, इंजिन पाठीमागे, 2.7 लिटरचं सहा सिलिंडरचं, 275 हॉर्सपॉवर. पीडीके, म्हणजे पोर्शच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह वजन 1340 किलो. घरात दुसरी ट्रॅकची गाडी नाही आणि मला ती नकोही आहे. हीच गाडी सावद्या-रावेरच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकमागे रांगते, हीच आउट्रम घाट चढून कन्नडकडे जाते, आणि हीच हजारेक किलोमीटर चालवत मी नोएडाला नेतो. पुढे जे काही केलं त्याला ही एकच अट होती: ट्रॅकवर आठव्या लॅपला ब्रेक लागला पाहिजे, आणि सकाळी गार गाडीत आईला घेऊन निघालो तरी पहिल्या चौकात लागला पाहिजे.

ट्रॅकवरून परतलो तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती, मोठे ब्रेक. सहा पिस्टनचे कॅलिपर, 380 मिलिमीटरची डिस्क. (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, कॅलिपर म्हणजे पिस्टननं तिच्यावर पॅड आवळणारा चिमटा.) माझ्या गाडीला पुढे 315 आणि मागे 299 मिलिमीटरची डिस्क आहे, पुढचे कॅलिपर चार पिस्टनचे. आकडे शेजारी ठेवले की आपले ब्रेक खेळण्यातले वाटायला लागतात. किटचा भाव मागवला, तो लाखांत होता. पैसे भरायच्या आदल्या दिवशी आबा म्हणाले, "भुसावळला जाऊन ये. काकांना विचारल्याशिवाय ब्रेकला हात लावू नको."

काका म्हणजे आबांचे जुने स्नेही, भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून निवृत्त झालेले फिटर. मूळचे अमळनेरकडचे, बोलणं अजून अहिराणी. मी त्यांना सगळं सांगितलं, फोटो दाखवले, किटची माहिती वाचून दाखवली. त्यांनी ती ऐकली की नाही कोण जाणे. त्यांनी एकच विचारलं.

"पेडल कडक व्हतं का नरम?"

या प्रश्नानं माझे लाखभर रुपये वाचले, म्हणून तो नीट सांगतो. तापलेले ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. पहिली तऱ्हा पॅडची, म्हणजे डिस्कवर घासून गाडी थांबवणाऱ्या तुकड्याची. पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला की त्याचं घर्षण कमी होतं. पेडल तेव्हा दगडासारखं कडक असतं, तुम्ही जीव खाऊन दाबता आणि गाडी मात्र पुढे जात राहते. दुसरी तऱ्हा ब्रेक ऑइलची. कॅलिपरमधलं ऑइल उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुमच्या पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोचण्याऐवजी ते बुडबुडे दाबण्यात संपतो, आणि पेडल खाली जातं. पहिल्या दुखण्याला पॅड बदलावा लागतो, दुसऱ्याला ऑइल. मोठी डिस्क दोन्हीला थोडी मदत करते, पण दुखणं कुठलं हे न ओळखता मोठी डिस्क लावणं म्हणजे ताप कशाचा हे न बघता सलाइन लावणं.

"नरम होतं," मी म्हणालो.

"तेल उकळी गयं तुन्हं. कवय बदलं व्हतं?"

मला माहीत नव्हतं. आधीच्या मालकाच्या सर्व्हिसच्या कागदांत नोंद नव्हती आणि मी विचारलं नव्हतं. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं तर आत कोऱ्या चहाच्या रंगाचं ऑइल. रंगावरून पक्कं काही ठरत नाही, पण ते जुनं आहे एवढं कळत होतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. रबरी पाइपांतून, टाकीच्या झाकणातून, हळूहळू, वर्षानुवर्षं. डॉट 4 प्रतीच्या ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे तो 155 पर्यंत उतरलेला चालतो. डॉट 3 चे हेच आकडे 205 आणि 140, डॉट 5.1 चे 260 आणि 180. (डॉट 5 वेगळं, सिलिकॉनचं, ते यांच्यात कधीही मिसळायचं नाही.) आपल्याकडे सगळे म्हणतात, जळगावच्या उन्हात ब्रेक काय टिकणार. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो हे खरं, पण जिथे डिस्क पाचशे अंशांवर जाते तिथे बाहेर पंचवीस आहे की पंचेचाळीस यानं फार काही बिघडत नाही. या ऑइलचं नुकसान उन्हाळा करत नाही, दमट हवा करते, आणि न बदलता काढलेला प्रत्येक पावसाळा त्यात भर घालतो.

काकांनी मग केळीच्या वजनपावतीच्या मागे हिशेब मांडला. गाडी, मी आणि पेट्रोल मिळून 1450 किलो धरले. दोनशेवरून ऐंशीवर यायचं म्हणजे जवळपास 19 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवायची. सहा लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीला आणायला एवढी उष्णता लागते. ती चार सेकंदांच्या आत निर्माण होते आणि बहुतेक सगळी चार लोखंडी तबकड्यांत जाते. पुढच्या चाकांचा वाटा दोनतृतीयांशाच्या आसपास, पुढची एक डिस्क आठेक किलोची, म्हणजे चौथ्या वळणाच्या एका ब्रेकला प्रत्येक पुढची डिस्क दीडशे अंशांनी तापते. ती पुरती निवायच्या आत पुढचं वळण येतं. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे आपण शाळेत शिकतो. पण घाटात कधी ब्रेक तापला नाही म्हणून ट्रॅकवरही तापणार नाही असं मी धरून चाललो होतो, आणि ते साफ चुकीचं होतं. घाटातले वेग साठ-सत्तरचे, आणि खालच्या गिअरमध्ये उतरलं तर निम्मं काम इंजिनच करतं.

"आमना इंजिनले बरं," काका म्हणाले. नव्या इलेक्ट्रिक इंजिनांत ब्रेक लावला की चाकं फिरवणाऱ्या मोटरीच जनरेटर होतात आणि वीज वरच्या तारेत परत जाते. "तुन्ही गाडीमा समदं लोखंडमाच जास." मोठ्या किटचा कागद त्यांनी मला परत दिला. "गाडी टायर थांबाडस, ब्रेक नही."

हे दुसरं वाक्य पचायला मला काही दिवस लागले. माझ्या गाडीचे मूळ ब्रेक पहिल्याच दाबात एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालू करू शकतात. म्हणजे टायरची पकड संपेपर्यंतचा जोर त्यांच्यात आधीपासून आहे. याहून जास्त जोराचा ब्रेक लावला तर एबीएस तो सोडवणार, थांबण्याचं अंतर तेवढंच राहणार. मोठी डिस्क मिळवून देते ती उष्णता साठवायची जागा, पहिल्या थांब्याचं अंतर नव्हे. शिवाय फक्त पुढचे ब्रेक मोठे केले की पुढचा-मागचा तोल बिघडतो: पुढची चाकं लवकर पकड सोडतात, मागची आपला वाटा उचलत नाहीत, आणि अंतर उलट वाढू शकतं. कॅलिपरच्या पिस्टनांचं क्षेत्रफळ वाढलं आणि मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) तोच राहिला तर पेडलला जास्त प्रवास करावा लागतो, तो वेगळाच. हे सगळं जुळवून बनवलेले किट असतात, चांगले असतात, आणि खूप वेगानं चालवणाऱ्यांना ते लागतात. मी पाच लॅपमध्ये तीन वर्षांपूर्वीचं की त्याहून जुनं ऑइल उकळवलेला माणूस होतो. मला आधी ऑइल लागत होतं.

ऑइल घेतलं मोटुलचं आरबीएफ 600, कोरडा, म्हणजे पाणी मुरण्याआधीचा, उकळबिंदू 312 अंश. शर्यतीच्या ऑइलांचा उकळबिंदू पाणी शोषल्यावर उतरतो, त्यामुळे ती वारंवार बदलावी लागतात हे आधीच मान्य करून घेतलं. काम केलं आमच्या केळीच्या गोदामात, रविवारी सकाळी, काका खुर्चीवर आणि मी जमिनीवर.

चारही चाकं काढली. गाडी जॅकवर नव्हे, पक्क्या स्टँडवर. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, हे काकांनी मला दोनदा सांगितलं. जुनं ऑइल टाकीतून पिचकारीनं ओढून काढलं आणि लगेच नवं भरलं. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या आपल्या गाडीत मागच्या डाव्या चाकापासून. या कॅलिपरला ऑइल सोडायच्या दोन छोट्या तोट्या, म्हणजे निपल असतात, बाहेरचं आणि आतलं. आधी बाहेरचं सोडायचं, मग आतलं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. आबांचा मुनीम ड्रायव्हर सीटवर. "दाब... धर... धरून ठेव..." मी निपल सोडतो, चहाच्या रंगाचं ऑइल येतं, मी निपल आवळतो, "सोड." निपल उघडं असताना पेडल सोडलं तर हवा आत जाते, म्हणून ही हाक नीट ठरलेली असावी लागते. पुढच्या डाव्या कॅलिपरमधून नवं सोनेरी ऑइल येऊ लागलं तेव्हा मी थांबणार होतो. काकांनी आणखी सहा वेळा दाबायला लावलं, आणि चौथ्या वेळी मोहरीएवढा एक बुडबुडा आला.

दर सात-आठ दाबांनंतर टाकी बघायची. टाकी रिकामी होऊन हवा एबीएसच्या खोक्यात शिरली तर ती नुसत्या पेडलनं निघत नाही, स्कॅनर लावून आतले पंप-व्हॉल्व्ह चालवावे लागतात. आणि शेजारी पाण्याची बादली ठेवायची, कारण हे ऑइल रंग खातं. दाराच्या कडेला एक थेंब पडला होता, तो लगेच धुतला म्हणून रंग वाचला. एक लिटर ऑइल लागलं.

त्याच दिवशी रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीचे लावले. रबर दहा वर्षांचं झालं होतं एवढंच कारण. पेडल किंचित नेमकं झालं. तापण्याशी त्यांचा संबंध नाही, कुणी तसं सांगून विकत असेल तर घेऊ नका.

पॅडच्या बाबतीत मी चुकलो, आणि ही चूक ट्रॅकवरच्या प्रसंगाहून मला जास्त लागली. एका विक्रेत्यानं शर्यतीचे पॅड दिले. वर्णन वाचून मी भारावलो होतो, सातशे अंशांपर्यंत चालतात वगैरे. ते पॅड किती अंशांपासून चालायला लागतात हे मी विचारलं नाही. डिसेंबरात पहाटे आईला पाटणादेवीला घेऊन निघालो. पारा दहा-बाराच्या आसपास असावा. गावाबाहेर पडायच्या आत एक रिक्षा डावीकडून एकदम आडवी आली. मी ब्रेक दाबला, पेडल जागेवर, कडक, आणि गाडी थांबेचना. लाकडावर लाकूड घासावं तशी सरकत राहिली. दुप्पट जोर लावला तेव्हा रिक्षाच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर थांबली. आईनं डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकले होते. ती काही बोलली नाही, नंतर भडगावपर्यंत बोलली नाही.

शर्यतीचा पॅड गार असताना लागत नाही, कारण तो तापलेल्या डिस्कवरच चालण्यासाठी बनवलेला असतो. ट्रॅकवर हे चालतं, पहिला लॅप सावकाश काढता येतो. रस्त्यावर तुमचा पहिला ब्रेक कुठल्या क्षणी लागेल हे तुम्ही ठरवत नाही, रिक्षावाला ठरवतो. ते पॅड मी पाटणादेवीहून परतल्यावर त्याच संध्याकाळी काढले.

मग नीट वाचून, विचारून, रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठीचे पॅड घेतले. अशा पॅडची घर्षणाची कमान बघायची असते, एक आकडा नाही: वीस-तीस अंशांना घर्षण किती, दोनशेला किती, पाचशेला किती, आणि मधे कुठे अचानक उडी किंवा खड्डा आहे का. सगळीकडे 0.4 च्या आसपास सपाट राहणारा पॅड मला हवा होता. कमाल आकडा कमी असला तरी चालेल. पायाला एकसारखं उत्तर मिळालं की माणूस शांतपणे ब्रेक लावतो. आणि न बिचकता लावलेला ब्रेक कमी तापतो, हे मी पुढे ट्रॅकवर शिकलो. या पॅडची किंमत मी मोजतोच: हळू वेगात कधी कधी कुरकुर आवाज येतो, आणि काळी धूळ इतकी पडते की दर आठवड्याला चाकं धुतली नाहीत तर ती रंगात रुतते. मला हा व्यवहार मान्य आहे.

नवे पॅड नुसते बसवून चालत नाही, ते डिस्कवर मुरवावे लागतात. पॅडच्या पदार्थाचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसला की मग पकड येते. पहाटे साडेपाचला धुळ्याच्या बाजूला चौपदरी रस्त्यावर, मागे मित्राची गाडी पहाऱ्याला, ऐंशीवरून वीसवर असे दहा ब्रेक लावले. मधे पूर्ण थांबायचं नाही, एबीएस चालू होऊ द्यायचं नाही. शेवटी पंधरा मिनिटं ब्रेक न लावता चालवून निववायचं. या दहा ब्रेकांत सातव्या-आठव्याला पेडलखालची पकड बदललेली पायाला कळते. गरम डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर त्या जागी पॅडचा ठसा उमटतो, मग पुढे ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा डिस्क वाकडी झालेली नसते, थर खाली-वर झालेला असतो. भोकांच्या डिस्क ट्रॅकवर वापरायच्या तर दर वेळी भोकांभोवती भिंगातून बघायचं. केसासारख्या लहान भेगा चालतात. भेग एका भोकातून दुसऱ्या भोकात किंवा काठापर्यंत गेली की डिस्क फेकायची, मग जाडी कितीही शिल्लक असो. माझ्या पुढच्या उजव्या डिस्कवर दोन भोकं जोडणारी एक भेग निघाली. पुढची जोडी बदलली, त्याच मापाची, पण भोकं नसलेली.

आता हवा. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो जळगावात झाला.

हवेशीर डिस्कच्या दोन थरांच्या मधे पंख्याच्या पात्यांसारख्या पट्ट्या असतात. डिस्क फिरते तेव्हा ती मध्यातून हवा ओढते आणि काठातून फेकते, शेतातल्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर करतो तसंच. म्हणून गार हवा डिस्कच्या तोंडावर मारून फारसा उपयोग नाही, ती मध्यात द्यायला हवी. पोर्शनं आपल्या जीटी3 गाड्यांसाठी पुढच्या चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्यावर (आर्मवर) बसणारं प्लास्टिकचं हवा वळवणारं पातं केलं आहे. गाडीच्या पोटाखालून जाणारी हवा ते चाकाच्या मध्याकडे वळवतं. ते मागवता येतं, ब्रेक किटच्या मानानं अगदी स्वस्त आहे. प्रश्न आपल्या रस्त्यांचा होता. रावेर रस्त्याला पाटी नसलेले गतिरोधक आहेत, आणि खाली लोंबणारी कुठलीही वस्तू पहिल्या पावसाळ्यात तुटते.

जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने आहेत. माझा एक वर्गमित्र तिथे आहे. त्याच्याकडून पत्र्याएवढं जाड प्लास्टिक घेऊन आम्ही पुठ्ठ्याच्या मापावर तीन वेगवेगळ्या उंचीची पाती कापली आणि एकेक बांधून बघितली. स्टिअरिंग पूर्ण वळवून, गाडीत दोन माणसं बसवून, घराजवळच्या सगळ्यात वाईट गतिरोधकावरून. सगळ्यात उंच पातं घासलं. मधलं घासलं नाही, पण पूर्ण वळणावर पाइपाला टेकत होतं, आणि ते मला सगळ्यात धोक्याचं वाटलं. ब्रेकचा पाइप रोज थोडा थोडा घासणं कुणाला दिसणारही नाही. त्यामुळे मूळ पातं मागवलं ते धाकट्या मापाच्या जवळचं. काळ्या मातीचा चिखल त्यात बसतो हे पावसात लक्षात आलं. गाडी धुताना आता आधी तिथे पाणी मारतो.

फेब्रुवारीत पुन्हा नोएडा. निघण्याआधी विम्याचा कागद पुन्हा वाचला: आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर जे होईल ते आपलं.

या वेळी डिस्कच्या काठाला तीन रंगांचे पट्टे मारले होते. हा उष्णता दाखवणारा रंग असतो: हिरवा 430 अंशांना बदलतो, नारिंगी 560 ला, लाल 610 ला. कॅलिपरवर तापमानाची पट्टी चिकटवली, कमाल किती तापला ते तिच्यावर कायमचं उमटतं. पहिल्या सत्रात मुद्दाम पाती काढून गेलो. परत आलो तेव्हा हिरवा गेलेला, नारिंगी पूर्ण गेलेला, लाल शाबूत. म्हणजे डिस्क 560 आणि 610 च्या मधे कुठेतरी पोचली होती. पाती लावून दुसरं सत्र, नवा रंग, तेवढेच लॅप. या वेळी नारिंगी पट्टा डावीकडे निम्मा शिल्लक होता. मी जमिनीवर बसून तो पट्टा बघत राहिलो. चटईच्या कारखान्यातल्या त्या दुपारी आठवत होत्या.

मधल्या वेळात एका अनुभवी चालकानं शेजारी बसून दाखवलं ते सगळ्या सामानाहून मोठं निघालं. मी लवकर आणि हलका ब्रेक लावून तो लांबवत होतो. त्यात पॅड डिस्कला जास्त वेळ चिकटून राहतो आणि निवायला वेळ मिळत नाही. सरळ रेषेत, उशिरा, एकदाच पूर्ण जोरानं, आणि मग पाय काढून घे, असं त्यांनी शिकवलं. मागचे पॅड अपेक्षेहून जास्त झिजले होते त्याचंही कारण त्यांनीच सांगितलं: वळणात गाडी सैल झाली की स्थिरतेची यंत्रणा स्वतःहून एकेका चाकाला ब्रेक लावते. मी बेढब चालवलं की ती माझ्या वाटचा ब्रेक लावत होती. ती बंद करायची नाही, आपलं चालवणं सुधारायचं.

तिसऱ्या सत्रात आठ लॅप काढले. पाचव्या लॅपला चौथ्या वळणाआधी माझा डावा पाय आपोआप आखडला, तो मला दिसला. पेडल होतं तिथेच होतं. सहाव्याला, सातव्याला, आठव्याला. आठव्याला मी त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं आणि वळणाकडे बघितलं. मग एक पूर्ण लॅप ब्रेक न लावता, सावकाश, हवा खात. आत आल्यावर पार्किंग ब्रेक लावला नाही, गाडी पी मध्ये टाकून चाकाला ठोकळा लावला, आणि दहा मिनिटांनी ती पुढे ढकलली, म्हणजे डिस्कचा एकच भाग कॅलिपरखाली तापत राहणार नाही.

परतताना बऱ्हाणपूरकडून थेट भुसावळला गेलो. काका अंगणात होते. त्यांनी चष्मा लावून डिस्कच्या काठावरचा नारिंगी पट्टा बघितला, कॅलिपरची पट्टी वाचली, पेडलवर हातानं जोर देऊन बघितलं. मग घरात जाऊन पांढऱ्या रंगाची छोटी डबी आणि ब्रश घेऊन आले. मालडब्यांवर दुरुस्तीची तारीख आणि परत कधी यायचं ती तारीख रंगवतात, तसं त्यांनी माझ्या ब्रेक ऑइलच्या टाकीशेजारी, प्लास्टिकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, बारीक अक्षरात लिहिलं. वर फेब्रुवारी, खाली ऑगस्ट.

"ऑगस्टमा येजो," ते म्हणाले. "तेल आनजो."